आत्याचं घर की धम्मगिरी?

मावसभावाला बारा दिवसांची रजा मिळालीय. मुंबईहून गाडी काढायची, कसारा घाट चढायचा आणि मग इगतपुरीला धम्मगिरी या ध्यानकेंद्रात दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला बसायचं की तसंच पुढे नाशिकला आत्याकडे जायचं, एवढाच त्याचा प्रश्न.

खर्चात फारसा फरक नाही. १९७६ पासून चालणाऱ्या धम्मगिरीत राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत. दान द्यायचं तर शिबिर पूर्ण झाल्यावर. आत्याकडेही फुकटच, पण जाताना मिठाई, निघताना पोरांच्या हातात पाकीट.

खरा फरक दिनक्रमात. धम्मगिरीत पहाटे चारला घंटा, दिवसाला दहाएक तास ध्यान, अकराला जेवण. संध्याकाळी पाचला चहा, फळ, चुरमुरे, की संपलं. मी गेलो तेव्हा तिसऱ्या दिवशी चुरमुऱ्याचा एकेक दाणा चावून खात होतो. मोबाइल जमा, दहाव्या दिवसापर्यंत मौन. आत्याकडे उलट: रात्री साडेदहाला "अजून एक पोळी घे रे", आणि मौन म्हणाल तर फक्त आत्याची मालिका चालू असताना.

मोकळीक म्हणाल तर आत्याकडून त्र्यंबकेश्वर, पांडवलेणी, कुठेही गाडी काढता येते. धम्मगिरीत दहाही दिवस आवाराबाहेर पाऊल नाही, गाडी नुसती धूळ खाते. मध्येच उठून येणं तर मुळीच धरून चालू नये.

भटकायचंय, बायकोपोरं सोबत आहेत, तर आत्या. एकटा आहेस, बाराही दिवस खरंच मोकळे आहेत आणि आधी नाव नोंदवून जागा मिळालीय, तर इगतपुरी. दोन्ही थोडंथोडं मात्र जमणार नाही.