निवृत्तीनंतरचा मोकळा वेळ आणि व्यायामाचं वेळापत्रक: आठ-नऊ महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. हाताशी वेळ भरपूर असेल तर आठवड्याला साडेपाच तासांचं वेळापत्रक करा आणि उरलेल्या वेळात व्यायामाच्या वाटेला जाऊ नका. मी हे आठ-नऊ महिने चालवतेय. मधे उन्हाळा, साताऱ्याचा पावसाळा, गणपती, दिवाळी सगळं येऊन गेलं. पाचपैकी चार गुण देईन. एक गुण कशाचा कापला ते पुढे येईलच.

माझी नोकरी शासकीय कार्यालयात, लेखा शाखेत. अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि मार्चअखेरची बिलं निस्तरूनच बाहेर पडले. २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून आमची वेळ पावणेदहा ते सव्वासहा होती. म्हणजे निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी आठवड्याचे साडेबेचाळीस तास मोकळे झाले, जाण्यायेण्याचे वेगळेच. एवढे तास एकदम हातात आल्यावर माणसाला वाटतं, आता सकाळी टेकडी, अकराला योग, संध्याकाळी जिम, आणि रात्री जमलं तर सायकल. आमच्याकडे अनुदान शिल्लक राहिलं की मार्चमध्ये कसंही करून ते खर्ची टाकायची धडपड चालते, तसलाच हा प्रकार.

डावा गुडघा जुना दुखरा, म्हणून मी काही सुरू करण्याआधीच फिजिओथेरपिस्टकडे गेले. पोरगा तरुण, माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं विचारलं, दिवसातला किती वेळ देऊ शकाल? मी म्हटलं, म्हणशील तेवढा. तो हसला आणि म्हणाला, "काकू, वेळ वाढलाय तुमचा. गुडघा आहे त्याच वयाचा आहे."

मग त्यानं जे समजावलं त्यावर हे सगळं वेळापत्रक उभं आहे. स्नायू व्यायाम करताना बळकट होत नाहीत, नंतरच्या विश्रांतीत होतात. चांगला ताण दिल्यावर ती डागडुजी पुढचे एक-दोन दिवस चालते. अंग सगळ्यात जास्त दुखतं तेही बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, त्यामुळे पहिल्या संध्याकाळी "काहीच झालं नाही" असं वाटून फसायला होतं. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या त्याहून सावकाश सुधारतात. नोकरीवाल्याला वेळ पुरत नाही, म्हणून त्याचा व्यायाम आपोआप आवरता राहतो. आपल्याला तो आवर बाहेरून घालून घ्यावा लागतो.

वेळापत्रक असं. सोमवार-गुरुवार ताकदीचा व्यायाम, एकेक तास. मंगळवार-शुक्रवार चढ, सव्वा-सव्वा तास. बुधवार-शनिवार अर्धा-अर्धा तास सूर्यनमस्कार आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम. रविवार सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे सुट्टी. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम अशी आहे. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोलाचे व्यायामही त्यात येतात. माझी दोन दिवसांची चढण बरोब्बर १५० मिनिटं भरते. पासष्टीला अजून अवकाश आहे, पण पडून खुबा मोडलेल्या दोन बायका आमच्याच गल्लीत आहेत, म्हणून तोलाचं आत्ताच सुरू केलं.

आता ताकदीच्या दिवसाबद्दल जरा सविस्तर, कारण मोकळ्या वेळेचा खरा उपयोग मला इथे झाला. व्यायाम पाचच. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आता दोन्ही हातांत डंबेल धरून. कंबरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून जमिनीवरचं वजन उचलणं. स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकून दंड. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून तो छातीकडे ओढणं. आणि शेवटी दोन पिशव्यांत वजन भरून घरातल्या घरात फेऱ्या. प्रत्येकाच्या तीन पाळ्या. पाळीत आठपासून सुरुवात, तिन्ही पाळ्यांत बारा व्यवस्थित जमले की वजन थोडं वाढवायचं आणि पुन्हा आठवर यायचं. शेवटच्या एक-दोन वेळा जड गेलं पाहिजे, पण श्वास कोंडायचा नाही. रक्तदाब असलेल्यांनी तर नाहीच.

हे सगळं वीस मिनिटांतही उरकता येतं. कार्यालयात असताना एका वर्षी मी तसं उरकलंही होतं. फरक आहे तो दोन पाळ्यांमधल्या विश्रांतीत. ताकद वाढवायची तर मधे दोन-तीन मिनिटं बसा, असं जाणकार सांगतात. घड्याळाकडे बघत व्यायाम करणारा ती विश्रांती पहिली कापतो. मी निवांत बसते, कोथिंबीर निवडते, भाजी चिरायची असेल तर चिरते, आणि पुढच्या पाळीला अंगात खरोखर जोर असतो. व्यायामाआधी अंग मोकळं करायलाही पंधरा मिनिटं देते. तासातला प्रत्यक्ष वजन उचलण्याचा वेळ मोजलात तर तुम्ही मला आळशी म्हणाल. खुशाल म्हणा.

सूर्यनमस्काराबद्दल बोलताना आमच्या जिल्ह्याचा अभिमान थोडा मधे येणारच. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि त्यांनीच हा व्यायाम शाळाशाळांत आणि पार परदेशापर्यंत पोचवला. लहानपणी आम्हीही शाळेच्या पटांगणावर रांगेत घातलेत. पण नऊ महिन्यांनंतरचं प्रामाणिक मत: सूर्यनमस्कार एकटे पुरत नाहीत. त्यात वाकणं आहे, ढकलणं आहे, ताणणं आहे, ओढणं मात्र नाही. आयुष्यभर टेबलावर वाकून खांदे पुढे आलेल्या माणसाला ओढण्याचीच गरज जास्त असते, म्हणून तो रबरी पट्टा. शिवाय मनगटं कुरकुरतात. मी भराभर घालणं सोडून दिलंय. एकेका स्थितीत दोन श्वास थांबते. सावकाश घातलेले बारा मला पूर्वीच्या पंचवीसांपेक्षा जड जातात.

चढाचे दिवस आवडीचे. साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ या हुतात्मा स्मारकापर्यंत, आणि गुडघा राजी असेल त्या दिवशी अजिंक्यतारा किल्ल्यापर्यंत. वेग असा ठेवते की बोलता येईल, गाता येणार नाही. चढताना काही त्रास नाही. उतरताना गुडघा बोलतो, तो आजही बोलतो. हातात काठी आणि उतरताना पायवाट सोडून डांबरी रस्ता, एवढ्यावर भागतं. जून ते सप्टेंबर मात्र हा भाग कोलमडला. धुकं, शेवाळलेले दगड आणि आडवा पाऊस. त्याच दिवसांत आमच्या कॉलनीतली तरुण मंडळी यवतेश्वर घाटात पळत असतात, कारण पावसाळ्यात सातारा हिल मॅरेथॉन असते, २१ किलोमीटर. त्यांचं बघून आपणही जावं असं वाटतं. जाऊ नये. मी इमारतीचा जिना वापरला: चार मजले वर, सावकाश खाली, पुन्हा वर. कंटाळवाणा प्रकार, पण बुडालं नाही.

आता तो कापलेला गुण.

बाई निवृत्त झाली की साऱ्या गोतावळ्याच्या नजरेत ती मोकळी होते. सिलिंडर येणार आहे, घरी कोणीतरी हवं. नातवाला शाळेतून आणायचंय. बँकेत केवायसी राहिलंय. जाऊबाईंचा फोन ठरलेला, "अगं, तू मोकळीच आहेस ना?" यात कुणाचा वाईट हेतू नसतो, कामंही खरीच असतात. पण वेळ भरपूर असण्याची गंमत अशी की कुठलंही काम कुठल्याही वेळी मावतं, म्हणून व्यायामही "नंतर" मावेल असं वाटत राहतं. सुरुवातीला मी ताकदीचा व्यायाम सकाळी अकराला ठेवून पाहिला: ऊन चढलेलं, नाश्ता जिरलेला, शास्त्राप्रमाणे उत्तम. पण अकरा ही घरातली सगळ्यात वर्दळीची वेळ निघाली. कुरिअर, इस्त्रीवाला, शेजारच्या काकू, सगळे अकरालाच.

शेवटी नोकरीवाल्यांसारखीच वेळ बांधली. सकाळी सात ते सव्वाआठ. फोन आतल्या खोलीत. घरात सांगून टाकलं की या वेळेत मी कार्यालयात आहे असं समजा. आमच्या ह्यांना पहिले काही आठवडे हे पचलं नाही, कारण त्यांचा दुसरा चहा साडेसातचा. आता ते स्वतः करून घेतात, आणि माझ्यापेक्षा बरा करतात. तर हा दोष वेळापत्रकाचा म्हणा की घराचा म्हणा, पण वेळ मोकळा असेल तर तो राखण्याचं काम व्यायामापेक्षा जास्त थकवतं. कोणी वेळापत्रक आखून देताना हे सांगत नाही.

उरलेल्या दिवसाचं काय करायचं? हालचाल करायची, व्यायाम नाही. यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे आपली जुनी शतपावली. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की साखर एकदम उसळत नाही, हे आता डॉक्टरही सांगतात. नोकरीत असताना दुपारच्या जेवणानंतर थेट खुर्चीत बसायचो, आता दोन्ही वेळा गच्चीवर फेऱ्या होतात. ह्यांना मधुमेह आहे, तेही येतात. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा किंचित उतरलाय. गोळ्या आहेत तेवढ्याच आहेत, त्यामुळे फार मोठे दावे करत नाही. मुलानं मनगटावर घड्याळ बांधून दिलंय, ते दहा हजार पावलांसाठी रोज माझ्या मागे लागायचं. हा दहा हजारांचा आकडा १९६० च्या दशकात एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकताना रूढ केला, हे वाचल्यावर मी त्याच्या सूचना बंद करून टाकल्या.

परिणाम काय झाला ते विचाराल. वजन जवळजवळ आहे तिथेच आहे. वजन उतरवायला हे करणार असाल तर निराश व्हाल. कंबरेला सलवार मात्र सैल होते. तीस सेकंदांत हात न लावता खुर्चीतून किती वेळा उठता, अशी एक चाचणी असते. साठी ते चौसष्टीच्या बाईला बारापेक्षा कमी जमले तर ते सरासरीखाली धरतात. मी साठीच्या आत असूनही सुरुवातीला त्या रेषेखाली होते, आता बरीच वर आहे. गिरणीतून दहा किलोचं दळण मी स्वतः उचलून आणते. झोप सुधारली, पण त्यात व्यायामाचा वाटा किती आणि मार्चअखेर संपल्याचा किती, देव जाणे.

सामानाला फार खर्च नाही. दोन, तीन आणि पाच किलोच्या डंबेलच्या जोड्या, एक चटई, दोन रबरी पट्टे. पैकी एक पट्टा उन्हाळ्यात खिडकीलाच अडकवून ठेवला होता, तो चिकट होऊन चिरला. पट्टे कपाटात ठेवा आणि दर वेळी ओढण्याआधी नजर फिरवा, तुटला तर तोंडावर बसतो. महिनाभर जिमही करून पाहिलं. दुपारी तिथे कोणी नसतं, यंत्रं सगळी आपलीच. पण तिथला मुलगा वर्षाच्या पॅकेजविषयी जेवढं बोलायचा त्याच्या निम्मंही गुडघ्याविषयी बोलला नाही, म्हणून पुढचा महिना भरला नाही.

खाण्यात एकच बदल केला. या वयात वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे साठ किलोच्या बाईला साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. वरण-भातात ती कुठून यायची? एका अंड्यात सहा ग्रॅम धरा. मटकीची नाहीतर कुळथाची उसळ आता रोज असते, सोबत दही, आणि ताकदीच्या दिवशी दोन अंडी. ज्यांच्या मूत्रपिंडाची तक्रार आहे त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

दर पाचव्या आठवड्याला मी सगळंच निम्म्यावर आणते: वजन तेच, पाळ्या कमी, चढ फक्त चार भिंतीपर्यंत. दिवाळीचा आठवडा त्यात बसवला, म्हणून फराळाच्या गडबडीत काही बुडाल्यासारखं वाटलं नाही. आता थंडीत तिसरा दिवस ताकदीचा वाढवू का, असं त्या फिजिओथेरपिस्टला विचारलं. तो म्हणाला, उतरताना काठी सुटेल तेव्हा बघू. काठी अजून सुटलेली नाही. त्यामुळे जूनपर्यंत हेच वेळापत्रक, आणि पावसाळ्यासाठी जिन्याऐवजी घरात ठेवायला एक भक्कम लाकडी पायरी सुताराकडून करून घेतेय, आठ इंच उंचीची.