जळगावच्या जुन्या नोटांच्या दुकानाचा अनुभव

परवा १९५७ सिरीजची एक डॉलरची सिल्व्हर सर्टिफिकेट घेतली, निळा शिक्का, वॉशिंग्टनचा फोटो. अशा नोटांवर अमेरिकेच्या खजिन्यातून चांदी मिळायची, १९६८ ला ते बंद झालं. दुकानदार काका म्हणे "एकदम कोरी आहे भो", मी पण भाव न करता पैसे दिले, अन् घरी येऊन ट्यूबलाइटखाली तिरपी धरली तर मधोमध घडीची रेघ, कोणीतरी दाबून सपाट केलेली! या सिरीजच्या कोट्यवधी छापल्यात, "चांदीची" ऐकून भाळू नका, नंबराआधी तारा असला तर ती बदली नोट, म्हणजे छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी काढलेली, तिचा विचार करा. बाकी काका चहा मस्त पाजतात, पण नोट परत घेत नाहीत. दोन स्टार.