टेप, अ‍ॅनलॉग की डिजिटल: तुमची री कोणी ओढायची?

गिटारसाठी पहिलं डिले पेडल, म्हणजे वाजवलेला सूर थोड्या वेळाने परत ऐकवणारी पायाशी ठेवायची पेटी, घ्यायचं म्हटलं की सल्ले ठरलेले असतात. अ‍ॅनलॉग वॉर्म, डिजिटल क्लीन पण कोरडं, आणि टेप म्हणजे अस्सल. याच विशेषणांच्या भरवशावर मी माझं पहिलं अ‍ॅनलॉग पेडल घेतलं. आवाज सुंदर होता, आजही आवडतो. पण तेव्हा आमच्या बँडची निम्मी गाणी संथ होती, मिनिटाला सत्तर ठोक्यांच्या आसपासची. त्या गाण्यांत मला लयीत बसणारे रिपीट्स हवे होते, त्यासाठी ठोक्याच्या पाऊण भागाइतका, साधारण ६४० मिलिसेकंदांचा डिले लागत होता आणि माझं पेडल ३०० वर थांबत होतं. पेडलमध्ये काहीच खोट नव्हती. मी त्याच्याकडे भलतंच काम मागत होतो.

डिले तुमची री ओढतो. वाजवलेला सूर थोडा वेळ धरून ठेवतो आणि परत ऐकवतो. घेण्याआधी स्वतःला विचारायचं ते एवढंच: री ओढणाऱ्याने मागे उभं राहून जरा दबक्या, घोगऱ्या आवाजात साथ द्यायची, की शेजारी येऊन तुमच्याइतक्याच स्पष्ट आवाजात लय धरायची? याचं उत्तर सापडलं की टेप, अ‍ॅनलॉग, डिजिटल हा वाद बराचसा आपोआप मिटतो.

बटणं सगळीकडे जवळपास तीच असतात. टाइम म्हणजे किती वेळाने, फीडबॅक किंवा रिपीट म्हणजे किती वेळा, आणि मिक्स किंवा लेव्हल म्हणजे मूळ आवाजाच्या तुलनेत किती मोठ्याने. फरक आहे तो आतल्या साठवणीत.

टेप: प्रेम करावं, पहिली खरेदी करू नये

१९५० च्या दशकात मेम्फिसच्या सन स्टुडिओत निर्माते सॅम फिलिप्स दुसऱ्या टेप रेकॉर्डरमधून आवाज परत आणून जो एकच झटपट पडसाद मिळवत, तो आजचा स्लॅपबॅक. साधारण ८० ते १४० मिलिसेकंद आणि रिपीट एकच. १९५९ मध्ये इकोप्लेक्स आला आणि हीच करामत गिटारवादकाच्या पायाशी ठेवता येईल अशा पेटीत बसली. त्यात टेपची बंद माळ फिरते. एक हेड आवाज लिहितं, दुसरं वाचतं आणि या दोन हेडमधलं अंतर म्हणजेच डिले. इकोप्लेक्समध्ये हेड सरकवून अंतर बदलायचं. १९७४ च्या रोलँड आरई-२०१ स्पेस इकोमध्ये वाचणारी तीन हेड होती आणि टाइम बदलायला मोटरचा वेग बदलावा लागे. म्हणूनच वाजत असताना ते बटण फिरवलं की सूर घसरत खाली किंवा वर जातो. पिंक फ्लॉइडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोर ज्या बिन्सन इकोरेकसाठी ओळखला जातो, त्यात तर टेपऐवजी फिरणारी चुंबकीय चकती असते.

टेपची मोटर अगदी एकसारखी फिरत नाही, त्यामुळे रिपीट्समध्ये बारीक लहर येते. टेपवर जोरात लिहिलं की आवाज दाबला जातो आणि कडा गोल होतात. प्रत्येक फेरीत हे थोडं थोडं वाढत जातं. ऐकायला हे फार लोभस आहे. पण टेप झिजते, हेड पुसत राहावं लागतं, सुटे भाग शोधावे लागतात आणि यंत्र मोठं, जड असतं. आज कोणी टेप डिले घ्या म्हणालं तर बहुतेक वेळा त्याला टेपची नक्कल करणारं डिजिटल पेडल म्हणायचं असतं, आणि त्या नकला आता खरंच उत्तम आहेत. म्हणून खरी निवड उरते ती दोघांतच.

अ‍ॅनलॉग: आवाज गडद का होतो ते समजून घ्या

१९६९ मध्ये फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर यांनी ‘बकेट ब्रिगेड’ नावाची रचना मांडली. आग विझवायला माणसं रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, तशी. इथे बादलीच्या जागी वीज साठवणारा इवलासा कपॅसिटर आणि पाण्याच्या जागी गिटारच्या सिग्नलचा क्षणभराचा व्होल्टेज. एका टोकाला ओतायचं, क्लॉकच्या, म्हणजे ठरावीक वेगाने पडणाऱ्या विजेच्या ठोक्यांच्या, तालावर पुढे सरकवत न्यायचं. दुसऱ्या टोकाला पोचायला लागणारा वेळ म्हणजे डिले.

आता थोडं गणित. जुन्या पेडलांत गाजलेल्या एमएन३००५ या चिपमध्ये असे ४०९६ टप्पे आहेत. पुढची जागा मोकळी ठेवावी लागते, म्हणून एका वेळी निम्म्याच बादल्या भरलेल्या, म्हणजे २०४८. क्लॉक १० किलोहर्ट्झवर चालवला तर मिळतात जेमतेम २०५ मिलिसेकंद. जास्त हवे असतील तर चिप वाढवा, नाहीतर क्लॉक आणखी हळू करा. पण क्लॉक हळू झाला की वरच्या पट्टीतले सूर नीट पकडता येत नाहीत आणि क्लॉकची शिट्टीच कानाला ऐकू येऊ लागते. ती अडवायला फिल्टर लावून ट्रेबल, म्हणजे आवाजातला वरचा चमकदार भाग, छाटावा लागतो. रिपीट फीडबॅकमधून पुन्हा आत गेला की त्याच फिल्टरमधून पुन्हा छाटला जातो. दुसरा रिपीट पहिल्यापेक्षा गडद, चौथा तर नुसती धूसर सावली.

हा गडदपणा तंत्राच्या मर्यादेतून आला, पण वाजवणाऱ्याला तो वरदान ठरतो. तुम्ही पुढचा सूर छेडता तेव्हा पिकचा टणत्कार फक्त तुमच्या सुरात असतो, रिपीटमध्ये तो बोथट झालेला असतो. त्यामुळे मिक्स बऱ्यापैकी वर ठेवूनही लीड पुढे राहते आणि रिपीट्स मागे भिंतीसारखे पसरतात. संथ सोलो, बेंड, लांब धरलेले सूर, क्लीन आर्पेजिओ (कॉर्डचे एकेक करून छेडलेले सूर) यांना हे अतिशय शोभतं. बॉसचं १९८१ चं डीएम-२ कमाल ३०० मिलिसेकंद देई. एमएक्सआरचं कार्बन कॉपी ६०० पर्यंत जातं. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या डिलक्स मेमरी मॅनमध्ये रिपीट्सवर कोरस (आवाज दुहेरी भासवणारा परिणाम) किंवा व्हायब्रेटोही (सुराची लहर) घालता येतो.

इथे एक सावधगिरी. ‘अ‍ॅनलॉग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक छोट्या पेडलांच्या पोटात पीटी२३९९ ही चिप असते. तिच्या आत सिग्नल डिजिटल होऊनच साठवला जातो. तिचा मूळ उपयोग कॅरिओके यंत्रांतल्या इकोसाठी. सुमारे ३४० मिलिसेकंदांपर्यंत ती ठीक वाजते, त्यापुढे ताणली की रिपीट्समध्ये खरखर वाढत जाते. बहुतेक बनवणारे तिच्याभोवती ट्रेबल छाटणारे फिल्टर लावतात, म्हणून कानाला ती अ‍ॅनलॉगच्या जवळची लागते. मला ती मनापासून आवडते आणि लहान डिलेसाठी मी ती नाकारणार नाही. फक्त आपण काय घेतोय ते कळावं, म्हणून चिप कोणती ते विचारा.

डिजिटल: इथे थांबून विचार करण्यासारखं बरंच आहे

बॉसचं डीडी-२ हे १९८३ मध्ये आलेलं पहिलं छोटेखानी डिजिटल डिले पेडल. १२ बिट, कमाल ८०० मिलिसेकंद. सिग्नल आकड्यांत बदलायचा, मेमरीत ठेवायचा, वेळ झाली की परत काढायचा. आकडे झिजत नाहीत, म्हणून चौथा रिपीटही पहिल्याइतकाच स्वच्छ येतो, फक्त लहान आवाजात. आणि मेमरी असेल तितका वेळ मिळतो.

तीन सेकंदांचा डिले रोज कोणाला लागतो? मला तर क्वचितच. डिजिटलची खरी ताकद टॅप टेम्पो आणि त्यातली मात्रांची विभागणी. पायाने चार ठोके मारले की डिले गाण्याच्या लयीत येतो. ड्रमरने गाण्याच्या धृपदात वेग वाढवला तर पुन्हा चार ठोके.

हे किती महत्त्वाचं ते एका उदाहरणात बघू. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. ठोक्याचा पाऊण भाग, म्हणजे डॉटेड एट्थ, ३७५ चा. (मनात काढायचं तर ४५,००० ला टेम्पोने भागा.) आता सरळ एट्थ नोट्स (अर्ध्या ठोक्याचे सूर) वाजवा, दर २५० मिलिसेकंदांनी एक. प्रत्येक सुराचा रिपीट ३७५ नंतर येतो, म्हणजे बरोबर पुढच्या दोन सुरांच्या मधल्या जागेत. तुम्ही वाजवता एट्थ, ऐकणाऱ्याला ऐकू येतात धावत्या सिक्स्टीन्थ (पाव ठोक्याचे सूर). यू-टू बँडचा गिटारवादक द एज याची ओळख बनलेली विणकाम-शैली ती हीच. रिपीट इथे सजावट उरत नाही, तो रिफचा, म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा येणाऱ्या सुरावटीचा, अर्धा भाग होतो. म्हणून तो तुमच्याइतकाच ठळक हवा आणि वेळेवर पडायला हवा.

वेळ चुकली तर काय? समजा बँड १२० वरून १२४ वर सरकला. डिले ३६३ हवा, तुमचा अजून ३७५ वरच. फरक फक्त १२ मिलिसेकंदांचा. पण फीडबॅकमध्ये चूक साठत जाते, चौथ्या रिपीटला ती ४८ होते आणि तिथे ती कानाला सरळ बोचते. गडद अ‍ॅनलॉग रिपीटमध्ये एवढी चूक खपून जाते, कारण टणत्कारच उरलेला नसतो. डिजिटलमध्ये खपत नाही. स्वच्छ रिपीट हवा असेल तर टॅप टेम्पो हवाच. बिनटॅपचं डिजिटल पेडल तालबद्ध कामासाठी घेणं मला तरी पटत नाही.

तरीही माझ्या या वाटणीला एक मोठा अपवाद आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. सुरुवातीच्या काळात द एज अ‍ॅनलॉग मेमरी मॅनच वापरत असे. डिजिटल कॉर्ग एसडीडी-३००० त्याच्याकडे नंतर आलं. म्हणजे अ‍ॅनलॉगवर हे जमतच नाही असं नाही. पण बटण कानाने लावावं लागतं आणि बँडला लय घट्ट धरून ठेवावी लागते.

डिजिटलचा दुसरा फायदा म्हणजे सोंगं. १९९९ मध्ये लाइन ६ च्या डीएल४ ने जुन्या टेप आणि अ‍ॅनलॉग यंत्रांच्या नकला एका हिरव्या पेटीत आणल्या, वर वाजवलेला तुकडा फिरवत ठेवणारा १४ सेकंदांचा लूपरही दिला. आज मध्यम दर्जाच्या डिजिटल पेडलातही ‘अ‍ॅनलॉग’ आणि ‘टेप’ अशी मोड असतात. त्या मोडमध्ये ट्रेबल छाटलेला असतो, लहर घातलेली असते, आणि बँडसोबत वाजताना मला स्वतःला फरक कळेनासा होतो. घरी एकट्याने बसून, फीडबॅक वाढवून टाइमचं बटण फिरवत खेळताना मात्र खरं अ‍ॅनलॉग अजूनही हाताला जास्त जिवंत वाटतं. आवाज स्वतःवरच चढत जातो, किंचाळतो, सूर वाकतो. काही डिजिटल पेडल तिथे सुरेख वाकतात, काही तुटक उड्या मारतात.

कागदावर दिसत नाही, पेडलबोर्डवर दिसतं

तुम्ही डिस्टॉर्शन (फाटका, खरबरीत आवाज) कुठून घेता ते आधी सांगा. पेडलमधून घेऊन अँप क्लीन ठेवत असाल तर डिले त्या पेडलच्या पुढे, म्हणजे अँपच्या बाजूला लावा. कुठलाही प्रकार चालेल. अँपच्या प्रीअँपमधूनच (त्याच्या पहिल्या टप्प्यातून) डिस्टॉर्शन घेत असाल आणि डिले अँपच्या इनपुटला लावत असाल, तर रिपीट आणि नवा सूर एकत्र भरडले जातात. स्वच्छ डिजिटल रिपीट इथे सगळ्यात जास्त चिखल करतो. गडद अ‍ॅनलॉग कमी करतो, आणि मिक्स खाली ठेवला तर त्यातून एक छान खरबरीत दाटपणा येतो. अँपला एफेक्ट्स लूप (प्रीअँपनंतर पेडल जोडायची जागा) असेल तर हा प्रश्न सुटतो. मात्र काही लूपमधला सिग्नल गिटारपेक्षा बराच तगडा असतो आणि अ‍ॅनलॉग चिप तो सहज पेलत नाही, रिपीट्स फाटू लागतात. घेण्याआधी आपल्याच अँपच्या लूपमध्ये लावून बघा.

वीज थोडक्यात: कार्बन कॉपी २६ मिलिअ‍ॅम्पिअर घेतं, स्ट्रायमनच्या टाइमलाइनसारखं मोठं डिजिटल पेडल ३००. एकाच अडॅप्टरच्या माळेवर डिजिटल पेडल जोडलं की बारीक शिट्टी ऐकू येण्याची शक्यता असते. स्वतंत्र आउटपुट असलेला सप्लाय नसेल तर हा खर्चही हिशेबात धरा. पेडल बंद केल्यावर उरलेले रिपीट्स विरत जातात की कापले जातात, हेही तपासा. सोलो संपवून रिदमवर येताना ते फार जाणवतं.

मग घ्यायचं काय?

एकच पेडल घेणार असाल, बँडमध्ये वाजवत असाल आणि नेमकं काय हवं ते अजून ठरलं नसेल, तर टॅप टेम्पो आणि अ‍ॅनलॉग मोड असलेलं साधं डिजिटल घ्या. मेनू आणि स्क्रीनवालं नको, सगळी बटणं वर दिसणारं. माझं उत्तर इतकं सरळ आहे, कारण गडद रिपीट डिजिटलवर बराचसा मिळवता येतो, पण ३०० मिलिसेकंदांच्या अ‍ॅनलॉगवर ६४० मिळवता येत नाहीत. ते मी करून पाहिलं आहे.

रॉकाबिली, ब्लूज, किंवा सोलोमागे थोडी खोली, एवढंच हवं असेल तर अ‍ॅनलॉग घ्या आणि लांबीच्या आकड्याकडे बघूही नका. त्या कामाला ३०० खूप झाले. एकदा लावलं की वर्षभर बटणाला हात लागणार नाही. आवाजाशी खेळायचं असेल, सुरांचे ढग करायचे असतील, तर टाइम ५०० च्या पुढे जाणारं आणि रिपीट्सवर मॉड्युलेशन (कोरस, व्हायब्रेटोसारखी लहर) देणारं अ‍ॅनलॉग बघा, नाहीतर चांगली टेप-नक्कल.

ऐकून बघायला जाल तेव्हा फीडबॅक चार-पाच रिपीट्सवर आणि मिक्स निम्म्यावर ठेवा. एक छोटा, तुटक कॉर्ड मारा आणि हात काढून घ्या. चौथा रिपीट ऐका: तो अजून कॉर्ड आहे की नुसती छाया? मग न थांबता तुमचा नेहमीचा सोलो त्यावर वाजवा आणि मिक्स कमी करायला हात किती लवकर जातो ते बघा. शेवटी तुमचं डिस्टॉर्शन चालू करून तेच पुन्हा वाजवा. आवडलेलं पेडल बहुतेक वेळा तिथेच बदलतं.