घरातली धिंगरी, ओंडक्यावरची धिंगरी : आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी धिंगरी अळिंबीची (ऑयस्टर मशरूमची) एक तयार पिशवी घेतली. पेंढ्यात बियाणं, म्हणजे अळिंबीची वाढवलेली बुरशी, आधीच पसरलेलं होतं, मी फक्त छेद द्यायचा आणि पाणी फवारायचं. आजवर नऊ पिशव्या झाल्या. पहिल्या दोन तयार घेतलेल्या, बाकी माझ्या हाताने भरलेल्या.

पहिल्या पिशवीत सहाव्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर आले आणि पुढे सगळं बिघडलं. देठ बोटाएवढे लांब, टोप्या मात्र शर्टाच्या बटणाएवढ्या. सोबतच्या माहितीपत्रकात ओलाव्याबद्दल पानभर मजकूर होता, हवेबद्दल एक ओळही नाही. मी पिशवी कपाटात बंद ठेवली होती. बुरशी आपल्यासारखाच ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. तो साचला की देठ लांबत जातात, टोपी फुगत नाही. खिडकीजवळ, पण थेट ऊन लागणार नाही अशा जागी हलवल्यावर दुसरा बहर तळहाताएवढ्या टोप्यांचा आला. तयार पिशवीबद्दल माझी खरी तक्रार एवढीच. बाकी सुरुवातीला ती घ्यावीच, कारण निरोगी बुरशीचा पांढरा रंग आणि वास एकदा ओळखीचा झाला की पुढच्या चुका लवकर लक्षात येतात.

स्वतः पिशव्या भरताना पेंढा बारीक कापून रात्रभर भिजवते, मग 70 ते 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवून निथळते. मुठीत घट्ट दाबल्यावर एखाददुसरा थेंब सुटावा, धार लागू नये. तिसऱ्यांदा भरताना मी घाई केली आणि पेंढा ओलाच भरला. दहा दिवसांत पिशवीवर हिरवे डाग पडले. ती ट्रायकोडर्मा नावाची बुरशी. पिशवी न उघडताच घराबाहेर काढली. नीट जमलेल्या पिशव्यांतून किलोभर कोरड्या पेंढ्यामागे तीन बहरांत मिळून साधारण 700 ग्रॅम अळिंबी मिळते, त्यातली निम्मी पहिल्याच बहरात.

काढणी एक दिवस लांबवली की खालच्या टेबलावर पांढरी भुकटी साचते. ते बीजाणू. मला त्यांनी आठवडाभर खोकला दिला. टोपीची कड वर वळायच्या आत गुच्छ काढावा, आणि झोपायच्या खोलीत पिशवी ठेवूच नये.

या पिशव्यांनी दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे नजर. एकच जात अंकुरापासून म्हातारी होईपर्यंत रोज पाहिली. त्याच घरच्या धिंगरीचे तीन बाजूंनी फोटो काढून ओळख सांगणाऱ्या एका मोबाइल अ‍ॅपला दाखवले, तर तीन वेगळी नावं आली. त्या दिवसापासून खाण्याचा निर्णय फोटोवर सोडणं बंद केलं.

म्हणूनच पावसानंतर एका पडक्या ओंडक्यावर गुच्छ दिसले तेव्हा सावकाश गेले. लाकूड रुंद पानांच्या झाडाचं होतं, टोप्या मांसल होत्या, टोपीखालचे पापुद्रे देठावरून खाली उतरलेले. प्ल्यूरोसायबेला पोरिजेन्स ही दिसायला जवळची जात सूचिपर्णी झाडांच्या कुजक्या लाकडावर येते आणि तिचं अंग पातळ असतं. वर्षानुवर्षं खाल्ल्या जाणाऱ्या या अळिंबीने 2004 मध्ये जपानमध्ये माणसं दगावली, त्यांतल्या बऱ्याच जणांना मूत्रपिंडाचा आजार होता. मी टोपी काचेवर उपडी घालून वाटीखाली रात्रभर ठेवली. सकाळी बीजाणूंचा ठसा फिकट जांभळट उमटला. तरीही जाणकाराला प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय शिजवली नाही.

जमिनीवर उगवलेल्या पांढऱ्या छत्र्यांना मी अजून हात लावत नाही. अमानिता फॅलॉइड्स या जीवघेण्या अळिंबीची ओळख पटवणारी पिशवीसारखी खोळ देठाच्या बुडाशी मातीत असते. वरून कापून आणली तर खूणच मागे राहते. तिचं विष शिजवून जात नाही. उलट्या-जुलाब सहसा सहा ते चोवीस तासांनी सुरू होतात, मध्ये बरं वाटतं, आणि तोवर यकृत खराब होत असतं. चांदीचा चमचा काळा पडतो, किडे खातात म्हणजे चालते, या परीक्षांवर कुणी जीव टांगू नये, अगदी कळकळीने सांगते.

त्या ओंडक्यावरच्या धिंगरीच्या देठांची बुडं मी उकळत्या पाण्यात भिजवून गार केलेल्या साध्या पुठ्ठ्याच्या थरांत दाबली. सहाव्या दिवशी पांढरे तंतू पुठ्ठ्यात शिरले. दोनदा फसले, तिसऱ्यांदा तोच पुठ्ठा पेंढ्यात घातला. ही नववी पिशवी. तयार बियाण्यापेक्षा आठवडाभर हळू, पण टोप्या जाड आणि गडद राखाडी. चवीलाही मला हीच जास्त आवडली. पूर्ण शिजवूनच खाते, कच्ची नाही.

नव्याने घेणार असाल तर पिशवीवर बियाणं भरल्याची तारीख आहे का बघा. आत पिवळं पाणी साचलेलं किंवा कुठे हिरवी छटा दिसली, तर ती परत करा.