ऑक्सफर्डच्या वेशीवरचे दोन पब : 'पर्च' की 'ट्राउट'?

ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या मुलामुलींना भेटायला आलेल्या पालकांना एखादी मोकळी दुपार मिळाली आणि शहराबाहेरच्या जुन्या पबमध्ये जेवायला जायचे ठरले, तर बिन्झी गावचा 'पर्च' आणि वुल्वरकोटजवळचा 'ट्राउट' ही दोन नावे हमखास पुढे येतात. दोन्ही इमारती सतराव्या शतकातल्या मानल्या जातात आणि दोन्ही थेम्सच्या आसपासच आहेत. तरीही तेथे जाण्याचा अनुभव बराच वेगळा आहे आणि निवड त्यावरच करावी, असे माझे मत आहे.

'पर्च'ला पायीच जावे. जेरिको भागातून वॉल्टन वेल रोडने रेल्वेचा पूल ओलांडला की पोर्ट मेडो हे सुमारे 300 एकरांचे कुरण लागते. ते आजवर कधीच नांगरले गेलेले नाही, असे मानले जाते. शहरातल्या 'फ्रीमेन' मंडळींच्या, म्हणजे खास हक्क असलेल्या नागरिकांच्या, तेथील चराईच्या हक्काची नोंद 1086 च्या 'डूम्सडे' या इंग्लंडभरातील जमिनीच्या पाहणीतही आहे, आणि आजही तेथे घोडे व गुरे मोकळी चरत असतात. पुढे मेडलीचा पादचारी पूल ओलांडून नदीकाठाने थोडे गेले की गवताने शाकारलेल्या छपराचा 'पर्च' येतो. या छपराला 1977 आणि 2007 मध्ये आग लागली होती. दोन्ही वेळा इमारत पुन्हा उभी केली गेली. मागे मोठी बाग असल्यामुळे लहान मुले बरोबर असली तरी जीव टांगणीला लागत नाही.

'ट्राउट'चे सारे वैभव पाण्यात आहे. गॉडस्टोच्या बांधावरून कोसळणाऱ्या प्रवाहालगत त्याची फरसबंद गच्ची आहे, आणि पूल ओलांडून गेल्यावर बाराव्या शतकात स्थापन झालेल्या, 1539 मध्ये बंद पडलेल्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठाचे अवशेष दिसतात. वुल्वरकोटपर्यंत शहरातून बस मिळते. त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना घेऊन जायचे असेल, तर फारसा विचार न करता हाच पब निवडावा. मात्र तो एका मोठ्या साखळीचा भाग असल्याने त्याच्या खाद्यपदार्थांच्या यादीला गावाची अशी खास चव नाही. खरे तर गावकऱ्यांपेक्षा शहरातून जेवायला आलेले लोकच दोन्हीकडे अधिक दिसतात.

पिंपातून हातपंपाने ओढलेली एल (एक प्रकारची बिअर) मागवल्यास ती बर्फासारखी थंड मिळणार नाही. साधारण 11 ते 13 अंश सेल्सियस तापमानालाच ती प्यायची असते. तिचा पाइंट 568 मिलिलिटरचा असल्यामुळे प्रथमच पिणाऱ्याने अर्धा पाइंट घेणे शहाणपणाचे ठरते. रविवारच्या दुपारी भाजलेल्या मांसाच्या पारंपरिक जेवणासाठी गर्दी होते, म्हणून टेबल आधीच राखून ठेवावे.

हिवाळ्यात पोर्ट मेडोवर पाणी पसरते आणि काठची वाट चिखलाने भरते. त्या दिवसांत 'पर्च'चा मोह टाळून बसने 'ट्राउट' गाठावा. उन्हाळ्यात मात्र माझा कौल 'पर्च'ला आहे. दोन्ही पाहायचेच असतील, तर 'पर्च'मध्ये जेवून नदीकाठाने उत्तरेकडे चालत 'ट्राउट'ला जावे, कारण पाय थकल्यावर परतीची बस त्याच बाजूला मिळते.