38,500 ची बोगस मोजणी आणि 11 इंच सरकलेली कंपाउंडची भिंत

मोजणी आणि परवानगीचे 38,500, भिंतीतला माझा अर्धा वाटा 88,200. एकूण 1,26,700. पाथर्डी फाट्याजवळच्या प्लॉटवर एवढ्या पैशांत पाडायची भिंत मिळाली.

एजंटांचं बोलणं ठरलेलं असतं, "नगररचनेत आपली माणसं आहेत." सरकारी मोजणीची तारीख दोन महिन्यांनंतरची होती, नोकरी सांभाळून किती फेऱ्या मारायच्या? माझ्या एजंटाने आठ दिवसांत मशीन आणलं, तिपाई लावली, दगडांना लाल रंग फासला, शिक्का मारलेला नकाशा दिला. कोणीही फसला असता.

पण त्याच दिवशी शेजारचे काका गच्चीवरून ओरडले होते, "आज मोजणी होय? सांगायचं तरी!" सरकारी मोजणीआधी लगतच्या धारकांना नोटीस जाते. काकांना ती आलीच नव्हती, आणि मी शहाण्याने वर सांगितलं, "काका, उन्हात कशाला येता."

पुढे काकांनीच रीतसर मोजणी लावली. मागच्या टोकाला भिंत 11 इंच त्यांच्या हद्दीत. भरीव भिंत रस्त्याच्या मध्याच्या पातळीपासून 1.5 मीटर उंचीपर्यंतच चालते, 2.4 पर्यंत न्यायची तर वरचा 0.9 मीटर जाळीचा लागतो. आमची सहा फूट सलग विटांची! पाया दीड फुटावरच थांबवलेला, खाली काळी माती तशीच. मुरूम लागेपर्यंत खणायला हवं होतं. ती माती पावसात फुगते, उन्हात आकसते. पहिल्याच पावसाळ्यात तिरकी भेग पडली.

आता दाद कुठे मागायची? भूमी अभिलेखवाले म्हणतात, खाजगी मोजणीशी आमचा संबंध नाही. नगररचनेत त्या परवानगीची नोंदच नाही. चौकीत ऐकवलं, "हा दिवाणी वाद, वकील गाठा." अहो, खोटा शिक्का दिवाणी कसा? फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, बनावट कागदाचं कलम वेगळं. लेखी तक्रार घेतली नाही तर ती वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पाठवा, तिथेही हलले नाहीत तर मॅजिस्ट्रेटकडे. पोहोच घेतल्याशिवाय जागचे उठू नका.

मोजणीची फी सरकारी चलनानेच भरा. हाती 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, आली की तिच्यावरचा मोजणी रजिस्टर नंबर कार्यालयात जाऊन पडताळा. परवानगीचा क्रमांकही तसाच. मी 20,000 रोख दिले, त्याचा आता कागदच नाही. नऊ इंची सामाईक भिंत असेल तर साडेचार इंच इकडे, साडेचार तिकडे, हे दोघांच्या सहीने आधी लिहून ठेवा. पाया त्याहून रुंद जातो, तेही त्यात येऊ द्या.

भिंत पाडून राडारोडा उचलायचे 14,000 मागतायत. ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.