चावट कॉमेडी: हाऊसफुल्ल शो, रिकामा शो की घरचा सोफा?

चावट कॉमेडी लागली की तोच प्रश्न पडतो, थेटरात जाऊ का थांबू, काही आठवड्यांनी ओटीटीवर येईलच की. मारधाडीचा सिनेमा असला तर असं कोणी विचारत नाही, तो मोठ्या पडद्यावरच बघायचा हे ठरलेलं असतं. पण ज्यात दोन माणसं सोफ्यावर बसून कंबरेखालचे जोक मारतायत त्याला मोठा पडदा कशाला, असं चांगली समजूतदार माणसंही म्हणतात आणि पडद्यापुरतं ते बरोबरच आहे. चित्र, एसी, सीट, तिकिटाचा खर्च यावर मी काही बोलत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी हे सिनेमे तिन्ही तऱ्हेने बघितलेत, खच्चून भरलेल्या हॉलमधे, चार टाळकी असलेल्या शोला आणि घरी टीव्हीवर, आणि माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं आहे हे आधीच सांगून ठेवतो.

आधी घर. घराच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. हवं तेव्हा थांबवा, जोक कळला नाही तर मागे न्या, आणि सिनेमा भंगार निघाला तर वीस मिनिटांत बंद करून दुसरं काहीतरी लावा, आणि हा शेवटचा मुद्दा मोठा आहे कारण न जमलेल्या चावट कॉमेडीइतका केविलवाणा प्रकार दुसरा नाही. शिवाय घरी कधीकधी जास्त मोकळं व्हर्जन मिळतं. थेटरच्या सर्टिफिकेटसाठी कापलेले सीन परत घालायचे आणि वर ‘अनरेटेड’ असं ठळक छापून डीव्हीडी विकायची, हा हॉलिवूडचा जुना धंदा. मला विचाराल तर त्या जादा मिनिटांनी सिनेमा लांबतो फक्त, हसू वाढत नाही, पण काही कापलेलं ज्यांना चालतच नाही त्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि थांबायचं म्हटलं तरी आता फार थांबावं लागत नाही. पूर्वी थेटर ते घर या प्रवासाला साधारण तीन महिने लागायचे, 2020 नंतर बऱ्याच हॉलिवूड स्टुडिओंनी ते अंतर दीड महिन्यावर आणलं, काहींनी त्याच्याही खाली.

मग घरीच बघावं ना? बघायचो की. पण घरची एक कटकट आहे, दिसायला बारीक, आणि माझा निकाल तिच्यावरच लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चावट सिनेमा घरी लावला की पहिलं काम काय, तर आवाज कमी. मुलं झोपलेली असोत, आईवडील पलीकडच्या खोलीत असोत नाहीतर भिंतीपलीकडे नुसते शेजारी असोत, ते धापा टाकण्याचे आवाज बाहेर जायला नकोत. त्यामुळे एक हात कायम रिमोटवर, साधं बोलणं चालू झालं की वाढव, पलंग दिसला की कमी कर. त्यात हल्लीच्या पातळ टीव्हींचे स्पीकर बहुतेक वेळा खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले, म्हणजे आवाज कमी केला की डायलॉग पुटपुटल्यासारखा येतो, म्हणजे मग सबटायटल्स लावायची. आणि इथे घात होतो.

सबटायटल पूर्ण ओळ एकदम टाकतं. नट अजून वाक्याच्या अर्ध्यावर आहे, चेहरा एकदम गंभीर ठेवलाय, जरासा थांबलाय, आणि खाली शेवटचा शब्द येऊन पडलेला. डोळे वाचून मोकळे होतात, त्यांना काय कळतंय थांबायचं. मग नट तो शब्द उच्चारतो तोपर्यंत तो शिळा झालेला असतो. आणि चावट जोकमधे तर सगळी करामत त्या थांबण्यातच असते, वाक्य सभ्य बाजूला वळणार की दुसऱ्या बाजूला हे कळायच्या आधीचा तो अर्धा सेकंद, तोच जर खाल्ला तर उरतो नुसता घाणेरडा शब्द, त्याच्यावर कोण हसणार. वर आमच्याकडे आणखी एक भानगड आहे, बायको माझ्यापेक्षा वेगात वाचते, ती फिस्सकन हसते तेव्हा मी ओळीच्या मधे कुठेतरी, म्हणजे जोक तर गेलाच पण पुढे काहीतरी येतंय हेही मला आधी कळलं. एकाच सोफ्यावर बसून आम्ही दोघं वेगवेगळ्या वेळी हसतो. सबटायटल्स बंद केली तर आवाज वाढवावा लागतो, आवाज वाढवायचा नसेल तर हेडफोन, आणि हेडफोन घालून एकट्याने कॉमेडी बघण्यात मला तरी काही राम वाटला नाही, कोणाला वाटत असेल तर वाटो.

तर घर असं कटलं. मग बऱ्याच जणांना सुचणारा मधला मार्ग म्हणजे रिकामा शो, आठवड्याच्या मधल्या वारी दुपारचा, आवाज दणदणीत, सबटायटल नको, शेजारी कोणी नाही, पाय पसरून बसा. ऐकायला छान वाटतं. बाकी कुठल्याही सिनेमाला मी हाच शो घेईन. पण चावट कॉमेडीला माझ्या अनुभवात हा तिन्हीतला सगळ्यात वाईट पर्याय आहे, घरापेक्षाही, कारण तिथे स्वतःचं हसणं ऐकू येतं. एखाद्या भलत्याच आचरट जोकवर तुम्ही खो खो हसलात आणि बाकी हॉल शांत, तीन रांगा पुढे बसलेला माणूस किंचित मान वळवून बघतो, संपलं, पुढचा तासभर तुम्ही घशातल्या घशात हसणार.

आणि दुसरं म्हणजे या सिनेमांत हसण्यासाठी जागा सोडलेल्या असतात. मार्क्स ब्रदर्स या जुन्या हॉलिवूडमधल्या विनोदी भावांनी 1935 च्या त्यांच्या सिनेमातले सीन शूटिंगच्या आधी स्टेजवर खरोखरच्या प्रेक्षकांसमोर करून बघितले होते, कुठल्या जोकला किती वेळ हशा चालतो ते बघून त्याप्रमाणे थांबे ठरवले. हॉलिवूडचा कॉमेडी दिग्दर्शक जड ॲपटाओ, त्याच्या टीमची पद्धत अशी की टेस्ट स्क्रीनिंगला, म्हणजे रिलीजआधीच्या चाचणी शोला, हॉलमधला हशा रेकॉर्ड करायचा आणि एडिटिंगच्या टेबलावर तो सिनेमाशी जुळवून ऐकायचा, एकाच जोकच्या चार ओळी शूट केलेल्या असल्या तर कुठली चालली ते तिथे कळतं. म्हणजे ही चीज बनतानाच भरलेल्या हॉलच्या मापाने बनते. रिकाम्या हॉलमधे ते थांबे तसेच राहतात, फक्त त्यात हशा नसतो, पडद्यावर दोन नट एकमेकांकडे बघत उभे आणि तुम्ही त्यांच्याकडे. जोक पडला असं वाटतं. खरं म्हणजे तो पडलेला नसतो, उचलायला कोणी नसतं. टीव्हीवाल्यांनी ही अडचण फार आधी ओळखली होती, म्हणून तर 1950 च्या दशकात चार्ल्स डग्लस नावाच्या अमेरिकन साउंड इंजिनियरने रेकॉर्ड केलेल्या हशांची पेटीच बनवली, बटण दाबलं की पाहिजे तसं हसू.

आता भरलेला हॉल. तो काही स्वर्ग नाही. मोबाईलची लाईट तोंडावर येते, ट्रेलर पाठ झालेला एखादा पठ्ठ्या जोकच्या आधी हसून जोक फोडतो, एखादा प्रत्येक डायलॉग मोठ्याने परत म्हणतो, आणि कुठेतरी एक माणूस बाजूच्याला समजावून सांगत असतो की ‘अरे म्हणजे ते’. (समजावून सांगितलेल्या चावट जोकवर कोणी हसलेलं मी बघितलेलं नाही.) आणि सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे डायलॉग बुडतात. पडद्याला बारीक भोकं असतात, डायलॉगचा स्पीकर त्याच्या मागे बसवलेला असतो, त्यामुळे एरवी आवाज थेट नटाच्या तोंडातून आल्यासारखा वाटतो, पण चारी बाजूंनी तीनशे माणसं हसायला लागली की त्या स्पीकरचं काय चालणार. एडिटरने जागा सोडलेली असते, पण ती त्याच्या प्रेक्षकांच्या हिशोबाने, तुमच्या हॉलने जास्त वेळ धिंगाणा घातला की पुढच्या दोन ओळी गेल्या.

आणखी एक गोष्ट, ही मात्र गंभीरपणे सांगतो. गर्दी गर्दीत फरक असतो. सगळा हॉल हसतोय ती एक गर्दी, आणि नुसती टोळकी भरलीयत, बाई पडद्यावर आली की शिट्ट्या आणि कमेंटी, ती दुसरी. माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं असं की पहिल्या गर्दीत ती माझ्यापेक्षा जोरात हसते आणि दुसऱ्या गर्दीत तिला सिनेमा दिसतच नाही, लक्ष आजूबाजूलाच राहतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही, ज्यांना ही काळजी असेल त्यांचं घरी बसणं मला पूर्ण पटतं.

एवढं सगळं असून माझा काटा हॉलकडेच झुकतो, आणि का ते सांगतो. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हसण्यावर आयुष्यभर काम केलं, त्याच्या अभ्यासात असं दिसलं की माणूस एकटा असतो त्यापेक्षा चारचौघांत साधारण 30 पट जास्त हसतो. आकडा ऐकून मला आश्चर्य वाटलं नाही. चावट जोकच्या बाबतीत तर त्याच्यावर अजून एक थर असतो, लाज. एकटा असलो की असल्या जोकवर आधी मनात येतं, काय हे, शी, आणि मग हसू येतं, कधी कधी येतही नाही. भरलेल्या हॉलमधे ती चौकशी करायला वेळच मिळत नाही, मागून लाट येते आणि तुम्ही हसून मोकळे झालेले असता. अंधार असतो, कोण हसलं ते कोणाला कळत नाही.

आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते वेगळंच. आपले दादा कोंडके घ्या, त्यांचे नऊ सिनेमे सिल्व्हर ज्युबिली झाले, म्हणजे 25 आठवडे हॉल भरत होते, आणि दादांचा चेहरा मात्र बघाल तर असा भाबडा की त्यांनी काही वावगं म्हटलं असं कोर्टातही सिद्ध करता येणार नाही. घाण अर्थ प्रेक्षकाच्या डोक्यात. आता असा डायलॉग आला आणि अख्खा हॉल एकदम फुटला याचा अर्थ काय, तर सगळ्यांना कळला. पुढच्या रांगेतल्या चष्मेवाल्या काकांना कळला, कोपऱ्यातल्या गंभीर बाईंना कळला, कॉलेजच्या पोरांना तर कळलाच. एकमेकांची अशी रंगेहाथ पकडापकडी चालू असते आणि कोणीच तक्रार करत नाही. घरी हे कसं होणार, घरी तुम्हाला कळलेलं फक्त तुम्हालाच माहीत. काही वेळा तर दोन लाटा येतात, आधी लगेच कळलेल्यांची, मग सेकंदभराने उशिरा पेटलेल्यांची, आणि त्या दुसऱ्या लाटेला पहिलीवाले परत हसतात. मी तर जोकपेक्षा त्या दुसऱ्या लाटेलाच जास्त हसतो.

तर निर्णय घ्यायचा असेल तर माझं म्हणणं असं, बाकी तुमची मर्जी. मित्रमंडळी, चुलत-मावस भावंडं, नवरा-बायको असं जमणार असेल तर थेटर, आणि तेही पहिल्याच आठवड्यात, शुक्रवारी नाहीतर शनिवारी रात्री, नंतर हॉल ओसरतो आणि मग वर सांगितलेला रिकाम्या शोचा प्रकार होतो. सीट मधोमध आणि पुढच्या अर्ध्यात घ्या, हशा मागून यायला हवा, सगळ्यात मागच्या रांगेत बसलात तर लाट तुमच्यापासून लांब पळते. ट्रेलर एकापेक्षा जास्त बघू नका, चांगले जोक त्यातच संपवतात. ज्यांच्यासमोर नागड्या सीनला पाण्याची बाटली शोधायची वेळ येते अशा माणसांबरोबर जाऊ नका, म्हणजे सासरे, साहेब, वयात आलेली मुलं, अंधार कितीही असला तरी तिथे उपयोग होत नाही. एकटं जायचं असेल तरी बिनधास्त जा, भरलेल्या हॉलमधे एकटं कोण आलंय ते दिवे लागेपर्यंत कळत नाही. आणि टोळक्यांची भीती असेल, किंवा गर्दीतच घुसमट होत असेल, तर घर, हेडफोन घालून का होईना, पण सबटायटल्स कृपा करून बंद ठेवा.

फक्त दुसऱ्यांदा बघताना ती चालू करा. हॉलमधे हशात बुडालेले डायलॉग तेव्हा सापडतात, मी परवाच एक सिनेमा घरी परत लावला तर एका मोठ्या जोकच्या लगेच मागे अजून एक निघाला, पहिल्यापेक्षा घाण आणि पहिल्यापेक्षा चांगला, थेटरात आमच्यापैकी एकालाही ऐकू आला नव्हता.